अंदमानचा पहिला दिवस

दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत हजर झाले, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चहाच्या कपाबरोबरच प्रश्न पुढे आला, “मग, अंदमानला पहिल्या दिवशी काय काय पाहिलंत?”

“एक बुडालेलं भातशेत,” मी म्हटलं.

सगळ्याजणी हसल्या. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मुळशीच्या माणसानं पाण्याखाली गेलेली जमीन पाहायला समुद्र ओलांडून जावं, हा विनोदच नाही का? पण मैत्रिणींनो, झालं मात्र अगदी तसंच. आणि आता मागे वळून पाहताना वाटतं, बरं झालं तसं झालं ते!

आम्ही पिरंगुटला राहतो. हे जवळच्याच एका कारखान्यात आहेत. मी बी. ए. झाले आणि बोहल्यावर चढले. आता मुलं जरा हाताबाहेर आल्यावर सकाळच्या वेळात एका शाळेत भूगोल शिकवते. अर्ध्या दिवसाची नोकरी आणि पूर्ण दिवसाचा संसार! मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत, आणि घरात बहात्तर वर्षांच्या सासूबाई.

अंदमानला जायचं खूळ ह्यांचं. माझे सासरे वाचनवेडे होते. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधले प्रसंग ते मुलांना रात्री जेवणानंतर सांगत. तेव्हापासून ह्यांच्या मनात होतं की एकदा ती कोठडी डोळ्यांनी पाहायची. मी तीन वर्षं भिशी लावली, ह्यांनी बोनस बाजूला ठेवला, आणि भाऊबीज झाल्यावर निघायचं ठरलं.

आता प्रश्न आला सासूबाईंचा. जाऊबाईंनी फोन केला, “आईंना कशाला नेता एवढ्या लांब? आठ दिवस आमच्याकडे राहतील.” त्यांचं म्हणणं काही वावगं नव्हतं. पण हे म्हणाले, “बाबा असते तर त्यांना नेलंच असतं. आईनं का राहायचं?” मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, “आई, येशील ना अंदमानला?”

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमी म्हनाल तसं.”

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे हे शब्द आपण होकार म्हणून धरतो आणि पुढच्या कामाला लागतो. आम्हीही लागलो.

ह्यांनी वहीच्या कागदावर पहिल्या दिवसाचं वेळापत्रक लिहून फ्रिजवर लावलं. सकाळी आठ, विमानतळ. नऊ, हॉटेल, आंघोळी, नाश्ता. दहा, सेल्युलर जेल. एक, जेवण. तीन, समुद्रस्नान. सहा, सूर्यास्त. सात, जेलमधला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. आगगाडीचं वेळापत्रकसुद्धा इतकं भरगच्च नसेल!

घर सोडताना

घर आठ दिवस बंद ठेवायचं म्हणजे बायकांचा जीव अर्धा घरातच राहतो. दूधवाल्याला सांगितलं. विरजण शेजारच्या वहिनींकडे दिलं. गॅसचा रेग्युलेटर काढला. तुळशीशेजारी पाण्याची कळशी ठेवून तिच्यातून सुती चिंधीची वात तुळशीच्या मातीत सोडली. ही युक्ती आठ दिवस छान चालते, करून पाहा. फ्रिज रिकामा करून दार किलकिलं ठेवलं, म्हणजे वास येत नाही.

बांधाबांध मी अगदी शिस्तीत केली. सासूबाईंना रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या आहेत. आठ दिवसांच्या गोळ्या मोजून, सकाळ-संध्याकाळच्या पुड्या बांधून, वर चिठ्ठ्या चिकटवून सगळं एका स्टीलच्या डब्यात भरलं. डॉक्टरांचा कागदही घडी करून त्यातच ठेवला. डबा सांडू नये म्हणून मोठ्या बॅगेत साड्यांच्या मधोमध बसवला. आणि चिवडा, शंकरपाळे, करंज्या चुरडू नयेत म्हणून फराळाचे डबे घेतले हातातल्या पिशवीत!

कुठे चुकलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र आलं नाही.

रात्री लोहगावला पोचलो. विमानतळावरच्या तपासणीत बाईनं सासूबाईंच्या कमरेची गाठ चाचपली तेव्हा काहीतरी चुरचुर वाजलं. सासूबाई नऊवारी नेसतात. मला वाटलं, कनवटीला मिसरीची पुडी असणार. मी लाजून दुसरीकडे पाहिलं. बाईंनी गाठ सोडायला लावली, आतलं पाहिलं, हसल्या आणि सोडून दिलं. मी विचारलंसुद्धा नाही.

चेन्नईला विमान बदललं. तिथून अंदमान सव्वादोन तासांच्या आसपास. खाली नुसता समुद्र. पाण्यावर दुसरं काही दिसेचना. मग अचानक हिरवी बेटं दिसायला लागली, जणू कुणी पाण्यावर पालेभाजीच्या जुड्या टाकल्यात! मुलं ओरडायला लागली. खिडकीपाशी सासूबाई होत्या. त्या बराच वेळ खाली पाहत होत्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “हे पानी कुनाच्या गावावर उभं हाय गं?”

मी भूगोलाची बाई. लगेच शिकवलं, “आई, हा समुद्र आहे. हे काही धरण नाही. ह्याच्याखाली गावं नसतात.”

त्या गप्प बसल्या.

मुळशीचं पाणी

त्यांनी तसं का विचारलं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सासूबाईंचं माहेर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या खोऱ्यातली भातशेती त्या काळी पंचक्रोशीत नावाजलेली. मुंबईला वीज हवी म्हणून तिथे धरण बांधायचं ठरलं आणि बावन्न गावांवर पाणी फिरणार असं निघालं. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते ह्याच लढ्यात. धरणविरोधी लढ्यांचा इतिहास सांगताना आज जगभर मुळशीचं नाव घेतलं जातं. बायकासुद्धा तुरुंगात गेल्या. लढा तीन वर्षं चालला. पण शेवटी धरण झालं, आणि १९२७ पासून तिथलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात पडायला लागलं.

सासूबाईंची आजी त्या गावांपैकी एका गावची. वडील तेव्हा लहान पोर. पुढे डोंगराच्या कडेला वाडी वसली. सासूबाई लहान असताना वडील त्यांना काठावर उभं करून बोटानं दाखवायचे, “ते तिथं आपलं घर. त्याच्यापल्याड खळं.” आणि बोटाच्या टोकाला नुसतं पाणी! त्या पाण्यावरून निघालेली वीज मुंबईला पोचली, पण वाडीत दिवा लागायला किती वर्षं गेली ते सासूबाई अजून सांगतात.

आज पुण्याची माणसं मुळशीला गाड्या घेऊन पाऊस नि तलाव बघायला येतात. काठाकाठानं रिसॉर्टं झाली आहेत. सासूबाई त्या रस्त्यानं जाताना कधी पाण्याकडे पाहत नाहीत. मी सून होऊन आले तेव्हापासून हे पाहत होते. पाहत होते, पण कधी विचारलं नव्हतं. आणि अशा माणसाला आम्ही चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर हौसेनं घेऊन चाललो होतो!

बॅग आली नाही

पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला सावरकरांचं नाव आहे. शहराचं सरकारी नाव २०२४ च्या सप्टेंबरपासून श्री विजयपुरम झालंय, पण गाडीवाले, दुकानदार सगळे बोलण्यात पोर्ट ब्लेअरच म्हणतात. आम्ही आठला उतरलो. ऊन मात्र आपल्याकडच्या दहा-साडेदहासारखं.

फिरत्या पट्ट्यावर एकेक बॅग येत होती. ह्यांची आली, मुलांची आली. मोठी बॅग काही येईना. पट्टा थांबला. चौकशीच्या खिडकीवर कळलं, बॅग चेन्नईलाच राहिलीय, दुपारच्या विमानानं येईल.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. “अहो, आईंच्या गोळ्या त्यात आहेत!”

“गोळ्या? त्या हातात नको का ठेवायला?”

“मग फराळ कुठे ठेवला असता?”

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि त्याच क्षणी मला त्यातला वेडेपणा कळला. पण तोवर ह्यांचा पारा चढला होता. परक्या विमानतळावर, मुलांच्या देखत, नवराबायकोचं जे व्हायचं ते झालं. ह्यांनी विचारलं, गोळ्यांची नावं काय. मला पांढरी आणि गुलाबी एवढंच आठवत होतं. आमच्या डॉक्टरांना फोन लावला तर त्यांचाही फोन बंद. दिवाळीची सुट्टी त्यांनाही असणारच की! सासूबाई बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

बाहेर टॅक्सी ठरवली. चालक तिशी-पस्तिशीचा, हिंदी बोलणारा. हॉटेलवर गेलो तर खोली बाराच्या आत मिळणार नाही म्हणाले. सामान ओसरीत ठेवून बसलो. ह्यांचं दहाचं जेल तिथेच गेलं. हे औषधाच्या दुकानात जाऊन आले, पण नाव आणि कागद नसताना दुकानदारानं गोळ्या दिल्या नाहीत. बरोबरच होतं त्याचं.

साडेअकराला मला राहवेना. मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हटलं, “आई, माझं चुकलं. सकाळची गोळी राहिली. काही होतंय का तुम्हाला? डोकं दुखतंय का?”

“गोळी तर मी घेतली,” सासूबाई म्हणाल्या.

“कधी? कुठली?”

त्यांनी कनवटीची गाठ सोडली. आत प्लॅस्टिकच्या कागदात गोळ्यांच्या पट्टीचे कापलेले तुकडे. एका दिवसाच्या गोळ्या, त्यातली सकाळची संपलेली. शेजारी शंभराची घडी केलेली नोट आणि देव्हाऱ्यातली अंगाऱ्याची पुडी. विमानतळावर जे चुरचुर वाजलं होतं ते हे!

“अहो आई, मग सांगितलं का नाहीत? आम्ही इथे भांडून अर्धे झालो!”

“मला कुनी इचारलं?”

त्यात राग नव्हता. होतं ते सांगितलं. पण ते वाक्य मला असं लागलं की काय सांगू! गोळ्या कुणाच्या? त्यांच्या. दुखणं कुणाचं? त्यांचं. आणि विमानतळापासून हॉटेलपर्यंत आम्ही सगळ्यांना विचारत सुटलो. खिडकीवरच्या माणसाला, दुकानदाराला, बंद फोनला. विचारलं नाही ते एकट्या त्यांनाच.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजीनं गाव सोडलं तेव्हा भांडीकुंडी बैलगाडीत गेली. वाटेत गाडी मागे राहिली, रात्र पडली. आजीच्या कनवटीला मूठभर पीठ आणि मिठाचा खडा होता. त्यावर पोरांची रात्र निघाली. “तवापासून आमच्या घरच्या बायका घर सोडताना एक दिवस कनवटीला बांधत्यात,” सासूबाई म्हणाल्या. “सामानाचा काय भरवसा? ते मागनं येतं.”

“आमच्या शेतावर”

बाराला खोली मिळाली. आंघोळी, जेवणं झाली. आमच्या सासूबाई माळकरी. पण भात-वरण-भाजी सगळीकडे मिळते, त्याची काळजी नको. तीन वाजता वेळापत्रकातलं समुद्रस्नान होतं. सकाळचाच टॅक्सीवाला बोलावला आणि कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्याकडे निघालो. वळण संपलं आणि समोर समुद्र पसरला. माडांच्या रांगा, निळंहिरवं पाणी. मुलगी टाळ्या पिटायला लागली.

सासूबाईंनी पुन्हा तेच विचारलं, “एवढं पानी. कुनाच्या गावावर असंल?”

चालकानं आरशातून विचारलं, “माँजी क्या बोलती हैं?” मी ओशाळून हिंदीत सांगितलं. वाटलं, आता हा हसणार.

तो हसला नाही. गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, “हमारे खेत पर है.”

मग त्यानं सांगितलं. त्याचं गाव सिप्पीघाटच्या बाजूला, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर. २६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. तो तेव्हा शाळकरी पोर. लाटा आल्या नि गेल्या, पण पाणी काही पूर्ण गेलं नाही. कारण पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीनच सुमारे मीटरभर खाली बसली होती. तेव्हापासून रोज दोनदा भरती येते आणि दोनदा त्याच्या वडिलांच्या भातशेतात खारं पाणी भरतं.

मी भूगोलाची बाई, मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. निकोबारच्या टोकाला, भारताच्या अगदी दक्षिणेच्या इंदिरा पॉइंटला, जमीन चार मीटरहून जास्त खचली आणि दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. उलट उत्तर अंदमानात किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडले. हे सगळं मी वर्गात शिकवलंय. आणि त्याच दिवशी सकाळी विमानात बसून छातीठोक सांगितलं होतं, समुद्राखाली गावं नसतात म्हणून!

मी सासूबाईंना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिथं न्या मला.”

लग्नाला पंधरा वर्षं झाली माझ्या. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. ह्यांनी खिशातला वेळापत्रकाचा कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि घडी घालून परत ठेवला. मुलं कुरकुरली. “समुद्र उद्याही इथेच आहे,” मी म्हटलं.

दोघी

सिप्पीघाटला रस्त्याच्या बाजूनं पाणी पसरलं होतं. वाळून गेलेल्या झाडांचे काही बुंधे अजून उभे. कडेनं खारफुटी उगवलेली. पांढरे बगळे. कुणी अनोळखी माणूस म्हणेल, काय सुंदर तळं आहे! आपल्या मुळशीला म्हणतात तसंच.

चालकाचं घर आता वर चढावर आहे. त्याची आई बाहेर आली. सासूबाईंपेक्षा चार-दोन वर्षांनी लहान असेल. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांना १९४९ पासून सरकारनं अंदमानात जमिनी देऊन वसवलं, त्यांपैकी हे एक घर. ही बाई आईच्या कडेवर बसून बोटीतून आलेली. म्हणजे एक गाव जन्मतः गेलं आणि दुसऱ्या गावचं शेत म्हातारपणाच्या उंबऱ्यावर गेलं. अंदमान म्हणजे आपल्याला वाटतं, जेल आणि समुद्र. पण तिथे वसलेली बहुतेक माणसं अशी कुठून कुठून आलेली आहेत. कैद्यांचे वंशज आहेत, बंगाली, तमिळ, छोटा नागपूरकडून आलेले मजूर आहेत. तिकडे ग्रेट निकोबारला तर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यांत आपली मराठी माणसंही आहेत.

सासूबाईंना हिंदी येत नाही. त्या बाईला बंगालीशिवाय फारसं येत नव्हतं. मी मध्ये पडणार, तोच त्या बाईनं पाण्याकडे हात केला आणि म्हणाली, “धान.”

“व्हय, धान,” सासूबाई म्हणाल्या. “भाताचं खाचर.”

“भात,” त्या बाईनं मान हलवली.

मला गंमत वाटली. धान आणि भात, दोन्ही शब्द दोघींचे! मग त्यांना माझी गरजच उरली नाही. सासूबाईंनी बोटानं पाण्यावर एक जागा दाखवली आणि भुवया उंचावल्या. तिनं मान हलवून बोट जरा डावीकडे सरकवलं, तिथे नाही, तिथे. आणि दोघी उभ्या राहून त्या जागेकडे पाहत राहिल्या. सासूबाईंना मी एवढा वेळ पाण्याकडे पाहताना कधी पाहिलं नव्हतं.

मी पिशवीतून फराळाचे डबे काढले. करंज्या, शंकरपाळे तिच्या हातात दिले. म्हटलं, हातात धरून आणल्याचं काहीतरी सार्थक होऊ दे! तिनं दोन नारळ दिले आणि काळा चहा पाजला.

परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, “आमचं गेलं तवा सेनापती आलं, मानसं भांडली, तुरुंगात गेली. हिला तर भांडायला बी कुनी न्हाई.”

ह्यांनी मागे वळून आईकडे पाहिलं. काही बोलले नाहीत.

पाचच्या आत अंधार

आणि तेवढ्यात सूर्य बुडाला! घड्याळात पाच वाजायलाही दहा मिनिटं कमी. “अगं, सूर्यास्त सहाला आहे ना?” हे म्हणाले. मुलं हसायला लागली.

हा सूर्याचा दोष नाही, आपल्या घड्याळाचा. साऱ्या भारताचं घड्याळ एकच, साडेब्याऐंशी रेखांशाचं. मुळशी साडेत्र्याहत्तरच्या आसपास आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ त्र्याण्णववर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक पडतो. नोव्हेंबरात आपल्याकडे सहाला सूर्य मावळतो, तिथे पाचच्या आतच. सकाळी मात्र सव्वापाचलाच उजाडतं. तेव्हा वेळापत्रक आखताना घड्याळाकडे नाही, सूर्याकडे पाहा.

विमानतळावरून बॅग घेतली. साड्यांच्या मधोमध डबा जसाच्या तसा. चिठ्ठ्यासुद्धा सरकल्या नव्हत्या. मला त्या शिस्तीचं हसू आलं.

रात्री जेवताना ह्यांनी वेळापत्रकाचा कागद उलटा केला आणि पेन काढलं. मला वाटलं, आता परत सुरू. पण ते म्हणाले, “आई, उद्या काय बघायचं? तू सांग.”

सासूबाई जरा वेळ विचारात पडल्या. एवढा सरळ प्रश्न त्यांना फारसा कुणी विचारला नसावा. मग म्हणाल्या, “सकाळच्या पारी पानी बघू. पाय घालीन म्हनते. मग तुज्या बापानं सांगितलेला तुरुंग.”

दुसऱ्या दिवशी पाहिला तो तुरुंग. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधलेला. मुळात सात पाखांचा, आता तीनच उरलेल्या. १९७९ पासून राष्ट्रीय स्मारक. सावरकर तिथे १९११ मध्ये आले आणि १९२१ च्या मे महिन्यात त्यांना तिथून हलवलं. म्हणजे मुळशीचा सत्याग्रह सुरू झाल्यानंतर महिन्याच्या आतच! हे मी तिथे उभ्या उभ्या मुलांना सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी मान डोलावली. पण ते सगळं दुसऱ्या दिवसाचं. पहिल्या दिवशी आम्ही ‘पाहिलं’ असं काही नाही. पहिल्या दिवशी आम्ही नुसते पोचलो. सामान दुपारच्या विमानानं पोचलं, आणि आम्ही एकमेकांपर्यंत पोचलो ते संध्याकाळी!

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

औषधं, डॉक्टरांचा कागद, चष्मा आणि सगळ्यांचे एकेक कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या. फराळ चुरडला तरी चालतो.

हॉटेलची खोली किती वाजता मिळणार, ते निघण्याआधी फोन करून विचारा. सकाळच्या विमानानं जाणाऱ्यांचे तीन-चार तास ओसरीत जातात.

पहिल्या दिवसाच्या कागदावर एकच गोष्ट लिहा, तीही सकाळीच उरकेल अशी. पाचनंतर अंधार असतो.

किनाऱ्यावरचे प्रवाळ मुलांना कितीही आवडले तरी पिशवीत घालू नका. ते उचलणं कायद्यानं गुन्हा आहे. शंखशिंपले घ्यायचेच तर सरकारमान्य दुकानातून घ्या आणि पावती जपून ठेवा.

ओळखपत्रं सगळ्यांची न्या. दूरच्या बेटांवर फोन नीट लागत नाही, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे जिवाला घोर नको.

आणि शेवटचं. ज्यांना बरोबर नेणार, त्यांना निघण्याआधी शेजारी बसून विचारा. भाजी निवडता निवडता दारातून नव्हे. “तुम्ही म्हणाल तसं” असं उत्तर आलं, तर पुन्हा एकदा विचारा.

परवा माहेरी जायला निघाले होते. एका रात्रीचाच प्रश्न. सासूबाईंनी दारात हाक मारली, “कनवटीला काय बांधलंस?” मी पाचवारी नेसते, मला कुठली कनवट! पण पर्स उघडून दाखवली. रक्तदाब मला अजून नाही. पण डोकेदुखीच्या दोन गोळ्या, शंभराची नोट आणि अंगाऱ्याची पुडी होती.

“हां,” त्या म्हणाल्या, “आता जा.”